झिरो बघून घ्या

एकोणीस वर्षं एकच वाक्य म्हणतोय:
झिरो बघून घ्या.
पारोळ्याच्या अलीकडे, हायवेच्या डाव्या हाताला,
जिथे चैत्र सरताच डांबर बुटाला चिकटतं
आणि नोझल उघड्या हाताने धरवत नाही.

डोक्यावर पाटी आहे. मीच रंगवली,
मालकाने पेंटरचे पैसे वाचवले.
‘बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही.’
त्यातला ‘ळ’ जरा जास्तच फुगलाय.
त्याच पाटीच्या सावलीत
कौतिक शिंप्याने कॅन पुढे केला,
गोडेतेलाचा, पिवळा, पंधरा लिटरचा,
कडेला शेंगदाण्याचं चित्र.

टँकरवाले संपावर जाणार अशी आवई होती,
आणि त्याच्या वहीत सतरा लग्नं.
मंडप, खुर्च्या, गुलाबी झालरी,
आणि एक जनरेटर, ऐन मंगलाष्टकात खोकणारा.
‘रातले लगीन शे, नाना. भरी दे.
काही नही व्हस.’

मी भरला.
झिरो बघून घे, म्हणालो. त्याने बघितलं.
आम्ही दोघांनी फक्त आकडाच बघितला.

पेट्रोल कसं असतं ते मला विचारा.
आग होण्याआधी ते वास असतं,
आणि त्या वासाला वजन असतं.
धुरासारखं वर जात नाही,
फरशीवरून सरपटतं, उंबऱ्याशी जरा थांबतं,
चपलांवरून, पाळण्याखालून
हिंडत राहतं घरभर, कुणाच्या पायात न येता.
त्याला काडी लागत नाही,
फ्रिजचा खटका पुरतो.
शेहेचाळीस डिग्रीत पातळ प्लास्टिक
दिवस भरलेल्या बाईसारखं फुगतं.
हे सगळं मला ठाऊक होतं.
कंपनीचा माणूस दर जूनला येऊन सांगतो,
वर समोसा देतो.

दिवेलागणीला कस्तुराबाईने
देवापुढे वात लावली, एवढंच.
झालरी नायलॉनच्या.
तीनशे खुर्च्या एकीत एक बसवलेल्या,
त्या तशाच एकीत एक वितळल्या.
सकाळी तो काळा दगड हलवायला पहार लागली.

कस्तुराबाई वाचली. धुळ्याच्या सिव्हिलमध्ये
तिचे हात अडीच महिने पट्टीत होते.
तिला बाहेर ढकलून कौतिक पुन्हा आत गेला,
जनरेटरसाठी म्हणतात.
त्याचं पुढचं मी सांगणार नाही.

पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ आलं.
सगळ्यांनाच बरं पडलं,
वायर कुठे बोलते.
मला कोणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर खोटं बोललो असतो,
निदान तेवढं तरी माझ्या नावावर लागलं असतं.

त्या रात्री घरी आलो. जिन्याखाली
माझीच पाण्याची बाटली, अर्धी, पाणी नसलेली,
सायकलची चेन धुवायला म्हणून आणलेली.
शेजारी नातीने भातुकली मांडलेली,
तीन विटांची चूल, वर बोळकं.
बाटली गाडीच्या टाकीत रिकामी केली,
अंगणात झाकणाविना पालथी घातली.
तरी रात्रभर वास घेत राहिलो.
बायको म्हणाली, काय झालं?
‘काही नही व्हस’ अगदी ओठांवर आलं होतं.

काल एक पोरगा आला,
फाट्यावर मोटारसायकल बंद,
हातात कोल्ड्रिंकची बाटली.
गाडी घेऊन ये, म्हटलं.
त्याने माझी आई काढली,
पाटी काय, सगळ्याच पंपावर असते, म्हणाला.
दोन किलोमीटर ऊन.
ढकलत आणली, शर्ट पाठीला चिकटलेला.
माठातलं पाणी पुढे केलं,
त्याने माझ्यादेखत जमिनीवर ओतलं.

नोझल टाकीत घातलं.
झिरो बघ, म्हटलं.
तो रस्त्याकडे बघत होता.
मी बघितला.