वर जाताना शब्द

माझ्या पाळण्याला वर पोचायला सहा मिनिटं लागतात,
खाली यायलाही सहाच.
वर जाताना मी शब्द घेते, उतरताना अर्थ.
ही काही युक्ती वगैरे नाही,
दुसरा वेळच नाही मला.

वही दांड्यामागे खोचलेली.
ऑब्ड्युरेट. काचेबाहेर मँगनीजनं काळवंडलेला डोंगर.
ऑब्ड्युरेट, ऑब्ड्युरेट, दुसरा खांब, धक्का,
वरचं स्टेशन. दार. तीन खाणकामगार, एक शेळी.
उतरताना: ज्याला पाझर फुटत नाही असा.
ओतारला विचारते, असं कोण आहे रे आपल्याकडे?
म्हणतो, पगार देणारा.
पुढे एक अक्षर नाही.
त्याच्यासाठीही शब्द आहे, पान अकरा. टॅसिटर्न.

एक्कावन्नाव्या वर्षी जिभेला नवं वळण लागत नाही.
आमच्या जॉर्जियात मामा म्हणजे बाप,
आई म्हणजे देदा.
एवढी साधी गोष्ट साऱ्या जगाला उलटी वाटते,
तर जगाच्या गोष्टी मला सुलट कशा वाटाव्यात?
नॉइसम म्हणजे गोंगाट नव्हे, दुर्गंधी.
हे मी तीनदा चुकले,
चौथ्यांदा ओतारची शेळी शेजारी उभी होती,
तेव्हापासून पाठ आहे.

मे महिन्यात कुताइसीला परीक्षा.
पास झाले तर लीड्सच्या वृद्धाश्रमात नोकरी, ताम्ताच्या घराजवळ.
म्हाताऱ्यांना भरवायला, कूस बदलून द्यायला
ऑब्ड्युरेट कुठे लागतो,
ते ताम्तालाही फोनवर सांगता आलं नाही.

निबंधाचा विषय होता: तुमचं काम.
मी लिहिलं, जन्मातलं सगळ्यात ऐटबाज वाक्य:
सव्वीस वर्षांत या पाळण्यानं मला एनर्व्हेट केलं.
मला तो एनर्जीचा सख्खा भाऊ वाटला,
अंगात बळ भरणारा.
कारण तो शब्द घेऊन वर निघाले त्या दिवशी वीज गेली.
चाळीस मिनिटं लटकत होतो नदीच्या वर,
एक बाई रडत होती, तिला सूर्यफुलाच्या बिया दिल्या,
शेवटी हातानं चाक फिरवून आम्हाला वरच ओढून घेतलं,
आणि मी चालत घरी आले, जंगलातल्या वाटेनं.
अर्थापर्यंत उतरलेच नाही.

मेदेआबाईंनी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली,
बाजूला प्रश्नचिन्ह.
मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं,
बाकावर लांब करून ठेवलेल्या माझ्या गुडघ्याकडे,
आणि खोडरबर घेऊन
स्वतःचंच प्रश्नचिन्ह पुसलं.
नीट पुसलं गेलं नाही.

रात्री शब्दकोश उघडला.
एनर्व्हेट: त्राण काढून घेणे.
आधी हसले. शेजारच्या झुझुनानं भिंत ठोकली इतकी हसले.
मग दिवा बंद केला,
मग पुन्हा लावला, वाचून पाहिलं,
तेच लिहिलं होतं.

आज संध्याकाळी ओतार पाळण्यात शिरला, शेळीशिवाय.
आपणहून म्हणाला, आज कुठला?
म्हटलं, एनर्व्हेट.
म्हणजे?
दुसरा खांब, धक्का. दऱ्या निळ्या होत चाललेल्या.
म्हटलं, उतरताना सांगते.
आज उतरणार नाही, म्हणाला तो,
रात्रपाळी आहे.