एक कान मागे

कॅमेरा महालातल्या ढाकुलकरांकडून घेतला, जुना.
नऊ हंगाम त्यांनी त्यात नवऱ्या मुली टिपल्या.
पट्ट्यावर हळदीचा एक डाग अजून आहे,
पेट्रोलनेही न गेलेला.
तोच पट्टा गळ्याला चिकटवून
मी गोरेवाड्यात उभा,
मे महिना, सकाळचे सव्वासहा,
आणि नागपूर तापू लागलंय
तव्यासारखं, कडेकडून.

पुढे शेवंता उईके, साडीवर खाकी शर्ट.
तिने हात केला तेव्हा मी आधी हातच पाहिला,
मग धावड्याखाली ती.
रोही.
मातकट अंग, मागे उतरत गेलेली पाठ,
कुणीतरी घाईत शिवायला घेतलेल्या
आणि तशाच सोडलेल्या घोड्यासारखी.
पिल्लू दिसेना.
"गवतात हाय. दोन दिसाचं.
काल चालता चालता पडे."

मी गुडघा टेकला.
ती उभी, मी वाकलेला,
मध्ये वाळकं गवत आणि माझा पाचशेचा लेन्स.
एका तासात तीनशे बारा फोटो.
एकदाच गवत हललं,
पळसाच्या कोवळ्या पानांएवढे दोन कान वर आले,
मिटले.
मी अर्धं पाऊल पुढे टाकलं.

तिने खूर आपटला. एकदाच.

शेवंता आवाज न चढवता म्हणाली,
"तुमाले वाटते तुमी तिले पाहून रायले.
थे तुमाले पाहून रायली, भाऊ.
तुमी गेल्याबिगर दूध पाजनार नाई थे.
तासाचं उपाशी हाय तिकडं तिचं पोट्टं."

मी वीजमंडळातला, रीडिंग घेणारा माणूस.
लोकांच्या दारात उभं राहून आकडे टिपण्यात
बावीस वर्षं गेली.
कुणाच्या घरात मी उभा असेपर्यंत
काय काय थांबून राहिलं असेल,
ते कुठल्याच मीटरवर दिसत नव्हतं.
परत फिरलो.
मागे वळून बघावंसं वाटलं,
शेवंताने बघू दिलं नाही.

गेटपाशी, तिकिटाच्या खोलीच्या पायरीवर
स्क्रीनवर हाताची सावली धरून
एकेक फोटो सरकवत बसलो.
सगळ्यांत तिचे डोळे थेट माझ्यावर.
ढाकुलकर घसा फोडून सांगायचे, इकडे बघा, इकडे,
हिला सांगावंही लागलं नाही,
म्हणून आधी खूशच झालो.
चाळीसाव्या फोटोपाशी कधीतरी दिसलं:
एक कान माझ्याकडे
आणि दुसरा पूर्ण मागे वळलेला, गवताकडे.
मागे गेलो, पहिल्या फोटोत तसाच.
पुढे गेलो. दोनशे सहामध्ये
तिच्या पापणीवर माशी बसली आहे,
तिने मान झटकलेली नाही,
कान आहे तिथेच.
इतका वेळ मी डोळ्यांवर फोकस धरत होतो.
कान सगळीकडे जरासा धूसर आलाय.

शेवंताला दाखवलं.
"थे त राहीनच," म्हणाली,
शोध लावल्यासारखं त्यात काही नव्हतं तिला.
थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतत
ती सांगत होती,
नाल्याकडे परवा बिबट्याचं पाऊल उमटलं होतं ते,
खात्याचे बूट दोन नंबर मोठे आलेत
आणि ती पुढे चिंध्या कोंबते ते.
तोंड माझ्याकडे, बोलणं अखंड,
मान मात्र किंचित कललेली
मागच्या दाराकडे.
आत, पावतीपुस्तकांच्या टेबलाखाली
पोत्यावर घडी घातलेलं लुगडं,
त्यावर चौदा महिन्यांची मुलगी झोपलेली,
पोटावर वनखात्याची टोपी.

मला काहीच ऐकू आलं नाही.
पंखा, एक होला,
काटोल रोडवर गिअर बदलणारा ट्रक.
माझा कप अर्धाच भरलेला
आणि थर्मास पायरीवर उघडा,
ती उठून गेलीही होती.