गोड्या पाण्याची घागर

आमच्या गावच्या विहिरी खारट.
डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही,
पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो,
दुसऱ्याला नुसता गप्प बसतो.
गोडं पाणी यायचं छोट्या लाइनीच्या गाडीनं,
आठवड्यातून दोनदा,
आणि टाकीची किल्ली दानियल मास्तरांच्या कमरेला.

मास्तर कोकणातले. ज्यूंचं गावात एकच घर.
गाव त्यांना ख्रिस्तीच समजे.
"तुमचा अन् आमचा देव एकच ना," माझे वडील म्हणत,
शांतवन कंपाउंडर, मिशनच्या दवाखान्यातले.
"एकच," मास्तर म्हणत. "पण आमचा एकच."
त्या एका शब्दावर कंदिलाची काच कितीदा काळी झाली.

पुस्तकाचंही तसंच.
त्यांचं जिथं संपे, तिथून आमचं पुढं चालू.
एका पावसाळ्यात तो पुढचा भाग वाळवीनं खाल्ला.
मास्तरांनी उरलेली पानं चाळली, म्हणाले,
"कंपाउंडर, ही वाळवी आमच्यातली दिसते."
वडलांना हसून हसून ठसका लागला.
मग गेलेली पानं त्यांनी पाठ म्हणून दाखवली,
डोळे मिटून, दवाखान्याची घंटा होईपर्यंत.

मास्तर ऐकत होते.
"मुलगा आमच्याच घरातला," शेवटी म्हणाले,
"बोलतोही माझ्या आज्यासारखा.
पण मुलाला देव म्हणायला जीभ वळत नाही."
"माही त दुसरं काई म्हनाले वळत नाई,"
वडील म्हणाले, आणि चहा ओतला.

शुक्रवारी सिमाबाई पेल्यात तेलाचे दिवे लावत.
शनिवारी मास्तर झेंडी दाखवत,
तोंड उपाशी माणसासारखं.
आमचा रविवार. गाडीला सगळे वार सारखे.

भादवा सरताना त्यांचा दारं लावून घ्यायचा सण.
आदल्या सांजेला मास्तर आले, उंबऱ्यातच थांबले.
"उन्हाळ्यात तुमच्याकडून घागर आली होती.
टाकीत पाणी होतं. मी संपलं म्हणालो."

ती घागर माझ्या कमरेवर होती.

"अवो मास्तर, ते केव्हाचंच फिटलं," वडील म्हणाले,
"तुमचं, माहं, साऱ्या जगाचं. एकानं भरलं."
"भरलं असेल.
पण मी त्याला नाही म्हणालो नव्हतो,
तुम्हाला म्हणालो.
उद्या दिवसभर देवापुढं उभा राहीन,
पण हे खातं त्याच्याकडे नाही.
तुम्ही सोडल्याशिवाय तोही सोडत नाही."

वडील कितीतरी वेळ भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहत राहिले.
मग म्हणाले, "मले नोका इचारू. इले इचारा."

नऊ वर्षांची मी.
मास्तरांनी टोपी काढली नाही, त्यांच्यात काढत नाहीत,
पण माझ्या उंचीएवढे वाकले.
मी हो म्हटलं.
खरंच माफ केलं होतं का, मला अजून सांगता येत नाही.
त्यांनी ते पावतीसारखं घडी करून नेलं.

मास्तर गेले तेव्हा पूल वाहून गेला होता,
कोकणातून कुणी येणं शक्य नव्हतं.
प्रार्थनेला दहा ज्यू लागतात.
गावात एक होता, तोच गेलेला.
वडलांनी दहा जण जमवले तरी:
पॉइंट्समन, शिंपी, जिनातला फिटर, दवाखान्याचा झाडूवाला,
पाणी भरणारे चौघे, मी मोजू नये असा माझा भाऊ, आणि ते स्वतः.
सिमाबाईंनी पाहिलं. "चालत नाही, भाऊ," म्हणाल्या.
"पण उभे राहा."

मिशनच्या कबरस्तानात, बोराटीच्या कडेला.
"यरुशलेम कुठं?" वडलांनी विचारलं.
सिमाबाईंनी मावळतीकडे हात केला.
क्रूस नाही. आईनं आणलेला झेंडू पदरातच राहिला,
रुळाशेजारची गिट्टी उचलून तिनं ठेवली.
मेलेले उठतील, हे दोघांनाही मान्य होतं.
कोण हाक मारील, त्यावर बोलणं अर्धवट राहिलेलं.

बाहेर पडताना हात धुवायचे असतात, सिमाबाई म्हणाल्या.
हापशीचं पाणी खारट.
आम्ही सगळ्यांनी धुतले.