सेकंदाला तीनशे

जोन्सपोर्टच्या धक्क्यामागे, लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांच्या ढिगाला टेकून
माझी खोली उभी आहे. आत एक काळा डबा.
त्याला चार वेग येतात. त्यातला चौथा
आमच्या देशात गुन्हा.

कलम सांगतं : सेकंदाला तीनशे चिन्हं,
वर एकही नाही.
लिहिणारे टेलिप्रिंटरचा खडखडाट ऐकत म्हातारे झाले असतील.
यंत्रं बदलली, आकडा तिथेच बसून राहिला
जेवणं उरकली तरी पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

नॉर्मांदकडे अगदी हाच डबा. मागदालेन बेटांवर,
सहाशे किलोमीटर वाऱ्यापलीकडे.
तिचं घड्याळ माझ्यापुढे एक तास
(वहीत मात्र दोघंही ग्रिनिचची वेळ लिहितो)
आणि तिच्या सरकारला या आकड्याचं सोयरसुतक नाही.
तरी माझ्याशी बोलताना ती चौथ्यावरून खाली उतरायची.
लंगड्याबरोबर चालताना पाऊल आपोआप आखडतं, तसं.

एक पान यायला चहाची किटली उकळायची.
ओळ ओळ करत पडद्यावर उतरायचं :
बर्फ किती, अँटेनाची तार कुठे तुटली,
सीलची पिल्लं किनाऱ्याला लागली,
रेनाल्दला आज दोन चमचे सूप गेलं.

दुसरं कलम आणखी कडक :
अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही.
सगळं उघड्यावर, कुणीही ऐकावं असं.
आम्ही उघडच बोललो. बर्फ, तार, सूप.
एका मार्चमध्ये तिने लिहिलं,
हवा स्वच्छ. जेवले एकटीच.
यात कुठला तपासनीस काय पकडणार?

दक्षिणेत वादळ आलं तेव्हा वॉशिंग्टनहून साठ दिवसांची मुभा आली.
साठ दिवस मी चौथ्या वेगाने नावं पाठवली,
जिवंत असलेल्यांची, पानंच्या पानं.
एकसष्टाव्या दिवशी पुन्हा तीनशे.
छप्परं उडाल्यावर घाई चालते, एरवी नाही.

मग एका नोव्हेंबरात तो आकडाच खोडला.
आता वाटेची रुंदी मोजतात, चाल नाही.
मी ठेवणीतली बाटली उघडली, बटण चौथ्यावर नेलं.
तिचं पान आलं,
काडी पेटवायच्या आत संपलं.
रिकाम्या पडद्यासमोर दोघं बसून.
तिच्याकडे आठ, माझ्याकडे सात.

बऱ्याच वेळाने मी टंकलं : काही बिघडलंय का?
तिने टंकलं : नाही. लवकर झालं.

त्या रात्री नियमांचं पुस्तक पुन्हा चाळलं.
जास्तीत जास्त किती, हे पानोपानी आहे.
कमीत कमीबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटण खाली आणलं, काही न सांगता.
तिनेही विचारलं नाही.
किटलीने शिटी घातली
तेव्हा ती अजून
बर्फाच्याच ओळीत होती.