उरलेला लाल

सतरा सप्टेंबरच्या चार दिवस आधी
ग्रामपंचायतीचा फोन येतो : ताई, नावं उजळायची.
वर्षातलं हे एकच काम हातानं मागतात,
बाकी सगळं फ्लेक्सवाला नेतो,
वाढदिवस, श्रद्धांजली, दहावीचा निकाल.

मी स्कूटीच्या पायदानावर डबे ठेवते,
टर्पेंटाइनची बाटली दोन पायांत धरते
आणि कावळदऱ्याचा घाट चढते.
वर पोचलं की बालाघाट एकदम सपाट होतो,
भाकरी थापून ठेवल्यासारखा,
कडेनं थोडा करपलेला.

आज रविवार.
लातूरच्या, बार्शीच्या गाड्या ओळीनं लागलेल्या,
निळे तंबू, कणसं भाजायची शेगडी,
तरवडाच्या पिवळ्यात उभी एक होणारी नवरी,
तिच्या पदरावर ड्रोन घोंघावतोय.
दरीवरून तार बांधलीय,
पोरं लटकून पलीकडे जातात
आणि जाताना आईला हाक मारतात.

हुतात्म्यांचा खांब पठाराच्या ऐन मध्यावर.
त्याच्यावर कोळशाच्या तीन रेघा. स्टंप.
म्हणलं, ओव्हर संपू द्या.
दोनच बॉल राहिलेत मावशी, बॉलर म्हणाला.
मग त्यांनीच ओल्या रुमालानं रेघा पुसल्या
आणि चेंडू शोधायला सीताफळीच्या जाळीत शिरले.

अण्णांनी मला इथंच अक्षर शिकवलं.
'ळ' काढताना श्वास धरायचा,
आणि मेलेल्या माणसाच्या नावावर
पहिला हात कधी पातळ मारायचा नाही.
निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस,
या कड्यावर रात्रभर पहारा करणारी अकरा माणसं,
दोन भरमार बंदुका, बाकी गोफणी.
एवढंच सांगायचे.
पुढचं विचारलं की ब्रश धुवायला लागायचे.

केरबा तात्याबा डोलारे.
मन्मथ शिवलिंग हालकुडे.
शेख मेहताब शेख उस्मान.
मी एकेक नाव तोंडानं म्हणत जाते,
नाहीतर वेलांटी चुकते.
झुंबर लक्ष्मण वाघमारे.
यातला अनुस्वार दरवर्षी सगळ्यात आधी उडतो,
वारा तिकडूनच येतो.
आणि तळाशी : एक अनोळखी.
त्यालाही लाल तेवढाच लागतो.

दुपारी जीपमधून इंदरबाई उतरल्या,
भूमच्या पलीकडून कुठून तरी.
वय विचारलं तर म्हणतात,
बाप गेल्यावर चार महिन्यांनी.
वाचता येत नाही. मला विचारतात, कितवं?
खालून तिसरं.
मागच्या साली सांगितलेलं असतं, तरी.
ओलं आहे म्हणेपर्यंत अंगठा टेकला,
'ब'चं पोट थोडं फाकलं.
त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.
रेशनच्या मशीनवर उठत न्हाई ह्यो, म्हणाल्या,
हितं उठला बघ.

मी ब्रश उचलला. परत ठेवला.
तंबूवाल्यानं त्यांना कणीस दिलं, पैसे घेतले नाहीत.
दात नाहीत म्हणून त्यांनी ते ड्रायव्हरला दिलं
आणि लिंबू तेवढं चोखत
दगडावर बसून राहिल्या, जीप भरेपर्यंत.

ऊन उतरलं. डब्यात बोटभर लाल उरला.
तारेपाशी बसणारा मोईन फळी घेऊन आला :
ताई, एवढं लिहून द्या, कुणी ऐकतच नाही.
काय लिहू?
एका वेळी एकच.

फळी मांडीवर घेतली.
पहिला हात घट्ट मारला.
'वेळी'तल्या 'ळ'पाशी श्वास धरला,
तेवढ्यात तार किणकिणली
आणि दरीच्या पलीकडून
कुणाचं तरी पोर ओरडलं,
पोचलो.