चार अक्षरं

नाट्यमंडळाचे फॉर्म आम्ही
बर्डीवर भरले, तर्रीपोह्याच्या गाडीपाशी.
‘घेतलं तर चौघींना, नाही तर जाऊ दे,’
अल्फिया म्हणाली, अन् तर्री सांडली
हर्षलताच्या फोटोवर.

‘मंडळात का यायचं आहे?’ या रकान्यात
प्रांजलीनं लिहिलं तेच आम्ही उतरवलं,
शाळेत गृहपाठ उतरवायचो तसं,
मान तिरकी करून.

शुक्रवारी यादी लागली.
एकच नाव. माझं.

सीनियर हसली: ‘उत्तर एक, अक्षरं चार.
तू तेवढं खरं लिहिलंस,
मला स्टेजची भीती आहे.’

मी काही खरंबिरं लिहिलं नव्हतं.
‘भीती नाही आहे’ मधला ‘नाही’
पोहे थंड होतात म्हणून राहून गेला.

हे सांगणारच होते फुटाळ्यावर,
पण तिघी आधीच कणसं घेऊन उभ्या.
‘जाय न वं, आमचे पास ठेवजो!’
मी कणीस सोलत राहिले.

गाड्या दोन, आम्ही नेहमी दोघी-दोघी.
निघताना तिघी एकीवरच बसल्या,
चालान झालं तर झालं म्हणाल्या.

माझ्यामागची सीट
धंतोलीपर्यंत रिकामी.