नऊनंतर

ग्रिम्स्बी. हॉस्पिसची सहा नंबरची खोली.
आर्नल्ड प्रॉक्टर, वय एकोणऐंशी.
चाळीस वर्षं गोदीवर माशांचे काटे काढले,
आता काटा त्याच्याच मणक्यात,
आणि मॉर्फिन तिथवर पोचत नाही.

दुपारी तो पूर्ण शुद्धीत होता.
डॉक्टर अबिओला खुर्ची ओढून बसले.
म्हणाले, गाढ गुंगी देता येईल,
कळ जाईल, पण बोलणंही जाईल.
आर्नल्डने एवढंच विचारलं, "जॅनिस कधी येतेय?"
ॲबर्डीनहून. रात्री नऊला.
"मग नऊनंतर."

जॅनिसची गाडी यॉर्कला अडकली, रुळांवर पाणी.
साडेनऊ. दहा.
तो उशीचा कोपरा चावत होता
आणि विचारलं की मान हलवत होता: अजून नाही.

कॉरिडॉरमध्ये मॉरीन मला म्हणाली,
"आमच्या कुत्र्याला झोपवलं होतं व्हेटने.
पाच मिनिटांत. हे तसंच ना?"
मी म्हटलं, नाही.
तिच्या भाषेत ते झोपवणं कुत्र्यामांजरांचं.
माझ्या भाषेत आपण बाळाला निजवतो,
थोपटतो, आणि सकाळी ते उठतं.
मला या दोन्हींच्या मधला शब्द हवा होता.
चार्टवर होता, मिडॅझोलॅम.
पुढे रकाना: हेतू.
दीड इंचाचा. त्यात अख्खा कायदा मावतो,
माझा हात मावत नाही.

साडेदहाला तो "नाही" म्हणाला
की नुसताच कण्हला?
आम्हा तिघांना तीन तऱ्हेचं ऐकू आलं.
अबिओलांनी माझ्याकडे पाहिलं.
मी सुई टोचली, मग पंप सुरू केला.
बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडातून उशी सुटली.

अकरा वीसला जॅनिस आली, ओल्या बुटांनी.
बापाकडे बघत राहिली, मग आमच्याकडे.
"मला उशीर झाला,
की तुम्हाला घाई?"

मॉरीन काही बोलली नाही.
मी म्हटलं, बोल त्यांच्याशी, ऐकू येतं म्हणतात.
हे मी सगळ्यांनाच सांगते.
तिने त्याचा हात धरला
आणि गाडी कुठे कुठे थांबली ते सांगत बसली,
एकेक स्टेशन.

नोंदीत मी लिहिलं: दुपारी तीन, संमती.
त्याचा शब्द अवतरणात ठेवला, "नऊनंतर".
साडेदहा म्हणजे नऊनंतरच.
घड्याळाची त्यात काही चूक नव्हती.

पण तो घड्याळाबद्दल बोलत नव्हता.